गाडीच्या वायरी आणि हळदीचा दोरा

माझा मुलगा अंथरुणातून उठत नव्हता, म्हणून मी गाडीच्या वायरी सोडवायला बसले. नाहीतर मला गाडीचं काय पडलंय?

आमची मखमलाबादच्या बाजूला थोडी जमीन आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, मधल्या सऱ्यांत कोथिंबीर. नवरा गेल्यापासून मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघीच बघतो. जावेचं घर बांधाला लागून. पहाटे फूलबाजार, घरी आल्यावर हार, तोरणं, लग्नसराईत मुंडावळ्या. मुलगा शेतात कधी रमला नाही. तो सातपूरला एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. चांगला करायचा म्हणे. मग कारखान्याने ते खातंच बंद केलं. तो घरी बसला. बसला तो पुढे आडवाच झाला.

सून मुलीला घेऊन मनमाडला माहेरी गेली. तिला मी नावं ठेवत नाही. जाताना म्हणाली, "आई, मी पलंगाशी किती दिवस बोलू?" मी तिच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुड्या घातल्या आणि रिक्षा बोलावली.

झोपला म्हणजे त्याला झोप लागत होती असं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. डोळे उघडे. दाढी वाढली, अंगाला वास यायला लागला. ताट ठेवलं की तसंच. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रडणं थांबलं, पण डोक्यात काही राहीना. सकाळी बोललेलं दुपारी त्याला आठवायचं नाही. लोक येऊन सांगायचे, याला तिकडे न्या, त्याला दाखवा, नवस बोला. मी चहा पाजून त्यांना वाटेला लावायची. एक काम मात्र केलं. गुलाबावर फवारायच्या औषधाचे डबे उचलले आणि जावेच्या घरी नेऊन ठेवले. तिने डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माळ्यावर जागा केली.

तेव्हापासून मी बाजारातून पळत घरी यायची. वाटेत वाईट वाईट दिसायचं. दारात आले की आधी त्याच्या पांघरुणाकडे बघायची, ते वर खाली होतंय का. मग चप्पल काढायची.

त्याचा एक मित्र आहे. जाडा, बडबड्या, स्वतःचं गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या शर्यती खेळतो. त्यांचा क्लब आहे. शहराबाहेरच्या माळावर टायर मांडून रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. जो कमी वेळात फिरून येतो तो जिंकतो. मोठी माणसं हे करतात. तो मित्र एकदा पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "काकांची गाडी शेडमध्ये सडतेय. ती काढू आपण शर्यतीला. लहान गाड्यांचा वेगळा गट असतो. तू चालव."

माझ्या नवऱ्याची ती जुनी छोटी पांढरी गाडी. आम्ही तिच्यातून बाजाराला झेंडू नेत होतो. तो गेल्यावर तिच्यावर फुलांचे क्रेट रचले होते.

मुलाने मान वळवली. कितीतरी दिवसांनी मला त्याचा चेहरा समोरून दिसला. "तिचं सगळं वायरिंग बदलावं लागेल," तो म्हणाला.

"बदलू कशाला? नको ते काढून टाकू," मित्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर तो शेडमध्ये होता. उघड्या अंगाने, पायात माझी चप्पल. गाडीच्या सीटा बाहेर काढून ठेवलेल्या. मी चहा करून तिथेच नेला, आणि चूल पेटवायच्या निमित्ताने घरात जाऊन उभी राहिले.

मग हे रोजचंच झालं. गाडीतला गालिचा निघाला, छताचं कापड निघालं, दारांच्या आतली पुठ्ठ्याची पानं निघाली. आत बघते तर वायरींचं जंगल. समोरच्या डॅशबोर्डमागून बोटाएवढी जाड जुडी निघून दारांत, छतात, पार डिकीपर्यंत गेलेली. मी विचारलं, "हे काढायचं कशाला? तिचं ती पडलीय."

"वजन कमी होतं. आणि जुन्या वायरी कुठे घासल्या तर आग लागते."

"वजन किती कमी होतं?"

"असेल दोनेक किलो."

"मग त्यापेक्षा तुझ्या मित्राला गाडीत बसू देऊ नको."

तो हसला. नाकातून, जरासं. पण हसला.

अडचण अशी होती की कुठली वायर कशाची, ते तो शोधून काढायचा आणि चहा पिईपर्यंत विसरायचा. कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून पाहिल्या. वायरी तेलकट, चिठ्ठ्या गळून पडल्या. उरलेल्या उंदरांनी खाल्ल्या, शेडमध्ये उंदीर फार. मग मी घरातून दोऱ्याची रिळं आणली. आमच्याकडे दोऱ्याला तोटा नाही. लग्नाच्या कंकणांसाठी आम्ही दोरा हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवतो, तो पिवळा. आणि देवीच्या माळांचा लाल. असं ठरलं की गाडीला लागणाऱ्या वायरीला पिवळा बांधायचा, काढून टाकायच्या वायरीला लाल. गाठ मी मारायची. हाराची गाठ. ती ओढली की आवळते, सैल होत नाही.

मी गाडीत पुढे बसायची. सीट नव्हती, उलट्या क्रेटवर. तो बॉनेटमध्ये नाहीतर डॅशबोर्डखाली डोकं घालून.

"आई, वायपर दाब."

"दाबला."

"फिरतो?"

"फिरतो. आवाज केवढा करतो मेला."

"आता?"

"आता मेला."

"मग ही वायपरची. बांध लाल."

"पाऊस आला म्हणजे? डोकं बाहेर काढून चालवशील?"

"पावसात शर्यत नसते. बरं, राहू दे. पिवळा बांध. हॉर्न दाब."

मी हॉर्न दाबला की जाऊ शेतातून ओरडायची, "आक्का, काय वरात निघाली का?" आम्ही ओरडायचो, "हो, ये नाचायला!"

असे दिवस गेले. तो जेवायला लागला. एकदा आपण होऊन दाढी केली. मनमाडला फोन लावून मुलीशी बोलला, काय बोलला ते मला कळलं नाही, पण वायरीबद्दलच असणार, कारण ती नंतर मला म्हणाली, "आजी, तू पिवळी बांधतेस ना?" क्लबच्या शर्यतीचा दिवस ठरला होता. आदल्या दिवशी गाडी माळावर नेऊन दाखवायची, ती माणसं तपासतात, मगच सोडतात. मित्राने त्याचं नाव दिलं होतं. मला शर्यतीशी देणंघेणं नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हा माणूस एका गाडीला धरून उभा आहे. गाडी सुटली तर तो परत पडेल, आणि या वेळी पडला तर मला त्याला उठवता येणार नाही.

गाठी बांधून झाल्या. आता लाल तेवढं कापायचं राहिलं होतं. लग्नाची तिथ दाट होती, मी दोन दिवस पहाटेपासून बाजारात. तो म्हणाला, "तू जा. कापायचं काम माझ्या एकट्याचं आहे. विचार करायचाच नाही, लाल दिसलं की काप."

मी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आले तेव्हा तो शेडच्या दारात जमिनीवर बसला होता. पुढे वायरींचा ढीग, जनावराची आतडी काढून ठेवल्यासारखा. हातात पक्कड.

"झालं?" मी विचारलं.

"किल्ली फिरवली. काहीच नाही. टकसुद्धा नाही."

"काहीतरी सुटलं असेल."

"मी फक्त लाल कापलं, आई. बघ ना. सगळं लाल आहे."

मी वाकून बघितलं. ढिगातली एक वायर उचलली. तिच्यावरचा दोरा लाल होता, पण आमच्या लाल दोऱ्याचा लाल नव्हता. विटकरी, मळकट. मी वास घेतला.

"तू गाडी धुतलीस?"

"काल. तळाला उंदरांची घाण होती. सगळं धुऊन काढलं."

"कशाने?"

त्याने बोट दाखवलं. क्रेट धुवायच्या सोड्याचा डबा. फुलांच्या क्रेटना बुरशी लागते, म्हणून आम्ही ते सोड्याच्या गरम पाण्याने घासतो.

हळदीला सोडा लागला की ती लाल होते. ज्या बाईने हळदीचं लुगडं साबणाने धुतलं आहे, तिला हे माहीत असतं. माझ्या मुलाने आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. बॉनेटमधल्या दोऱ्यांना पाणी लागलं नव्हतं, ते पिवळेच्या पिवळे होते, म्हणून त्याला शंकाही आली नाही. शेडमध्ये उजेड तसाही कमीच. आतलं जे जे पिवळं होतं ते लाल झालं, आणि त्याने ते कापून, ओढून बाहेर काढलं.

"ही हळद आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तो दोऱ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ओरडेल, पक्कड फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. त्याने पक्कड व्यवस्थित डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं, हातपाय धुतले, घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या संध्याकाळी मित्र आला. पलंगापाशी उभा राहून बोलत होता. "अरे, यात काय! माझ्याकडे इलेक्ट्रिशियन आहे, नवीन वायरी टाकू, साधं काम आहे. ही शर्यत नाही तर पुढची." तो परत परत तेच बोलला. शेवटी भिंतीकडून आवाज आला, "भंगारवाल्याला बोलव. घेऊन जाऊ दे."

मित्र बाहेर आला, डोळे पुसत होता. एवढा मोठा माणूस. म्हणाला, "काकू, मी काय करू?"

"तू घरी जा," मी म्हणाले. "भंगारवाल्याला बोलावलंस तर तंगडी मोडीन."

दुसऱ्या दिवसापासून मी बाजार बंद केला. फुलं जाऊ नेऊ लागली. मी त्याला दिसेल अशी दारात बसायची, म्हणजे मला तो दिसेल अशी. ताट परत तसंच यायला लागलं. गोळ्या मी हाताने द्यायची आणि तोंड उघडायला लावून बघायची, गिळली का. चाळिशीचा बाप्या. तोही निमूट तोंड उघडायचा, त्याचीच जास्त भीती वाटायची. नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. विहिरीच्या मोटरचा खटका टाकायला जायचं तर जावेला दारात बसवून जायची.

एकदा जाऊ म्हणाली, "आक्का, रड तरी."

"रडून त्याला कोण बघणार?"

नुसतं बसवत नाही मला. हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे जातं. मी शेडमधून तो वायरींचा ढीग पाटीत घालून दारात आणला आणि एकेक गाठ सोडवायला लागले. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं. दोरा तरी काढून घ्यावा म्हणून असेल. हाराची गाठ सुटत नाही, हार ओवायची सुई घालून उकलावी लागते. पहिली उकलली ती लालच निघाली, आतबाहेर. दुसरी पण. तिसरी उकलली आणि आत पिवळं. सोड्याचं पाणी आवळलेल्या गाठीच्या पोटात शिरलंच नव्हतं.

मी उठून घरात गेले. "ऐकलंस का? गाठीच्या आत पिवळं आहे."

मी वायर त्याच्या खांद्यावरून पुढे धरली.

"कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या नाही ते कळतंय."

"कळून काय उपयोग?" तो भिंतीला म्हणाला. "कुठून काढल्या ते कुठे माहितीय?"

हे खरं होतं. तरी मी गाठी सोडवत राहिले. दोन पाट्या केल्या. काही गाठी पाण्याने आतपर्यंत भिजल्या होत्या, त्यांचं काही कळेना, त्या तिसरीकडे टाकल्या. नखं दुखायला लागली, सुई बोटात गेली. बाहेर झेंडू फुलून चालला होता, जाऊ एकटी किती तोडणार? मी ऐकत होते, ती पलीकडे मजूर बायांवर ओरडत होती.

सगळ्या गाठी संपल्या तेव्हा पिवळ्यांची पाटी उचलली आणि त्याच्या अंगावर ओतली. पांघरुणावर. तेलासकट.

"हे तुझं. तुझं तू बघ."

त्याने पायाने ढकलून दिलं. मी परत उचलून ठेवलं. त्याने परत ढकललं. मी परत ठेवलं. असं किती वेळा झालं देव जाणे. शेवटी तो उठून बसला आणि माझ्यावर ओरडला. मी कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या त्याने मला दिल्या. म्हणाला, "तुला काय पाहिजे माझ्याकडून? मरू दे ना मला!"

हे तोंडाने पहिल्यांदा बोलला. इतके दिवस ते घरात होतंच, पांघरुणाखाली. मी म्हणाले, "नाही देणार. मी इथे बसलेय. तू थकशील, मी नाही थकणार." खरं तर मी थकले होते. पाय सुजले होते. पण हे त्याला कशाला सांगायचं?

तो परत पडला. वायरी पलंगाखाली गेल्या.

शर्यतीचा दिवस आला. मित्र सकाळी त्याची गाडी घेऊन रस्त्यावरून गेला, आमच्या घरापाशी वेग कमी केला, थांबला नाही. मीच त्याला सांगितलं होतं थांबू नको म्हणून. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त भीती होती. जाऊसुद्धा शेतात गेली नाही. आम्ही दोघी दारात बसून तोरणं ओवत होतो. आत तो पडून होता. दुपारी मनमाडहून फोन आला. नात होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. "बाबा जिंकले का?"

मी फोन त्याच्या कानाशी धरला. तिने परत तेच विचारलं असावं. तो म्हणाला, "गाडी बंद पडली." मग तिने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "चुकून कापल्या." मग, "नाही, आजी नाही. मी." मग परत भिंत.

दिवस मावळला. काही झालं नाही. त्याचा श्वास चालू होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्यानंतर एका सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा पलंगाखालून खसखस ऐकू आली. मला वाटलं उंदीर. बघते तर तो जमिनीवर बसलेला, मांडीवर वायरी. एकेक उचलून तिचं टोक बघत होता. कापलेलं टोक आणि दुसऱ्या टोकाची प्लास्टिकची टोपी. मी हलले नाही.

"ही पंख्याची आहे," तो म्हणाला. मला की स्वतःला, माहीत नाही. "हिच्या टोपीला असा कान असतो." त्याने ती बाजूला ठेवली. अजून एक उचलली, ती काही ओळखू येईना. तिच्याकडे बघत बसला आणि बघता बघता तिथेच, जमिनीवर, झोपला. खरी झोप. घोरत होता.

मला वाटलं, आता सुटलो. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परत भिंतीकडे होता. तिसऱ्या दिवशीही. मग एक दिवस शेडमध्ये गेला, तासाभरात परत आला. मग परत पलंग. आता हे असंच चाललंय. मी हे लिहितेय तेव्हाही असंच आहे. कुणी विचारतं, मुलगा बरा झाला का? मी म्हणते, नाही. लोकांना हे उत्तर आवडत नाही.

आज मात्र पहाटेच त्याने मला हाक मारली. मी टोपली कमरेला लावून शेतात निघाले होते. झेंडू उतरवायचा होता, उद्या बाजारात मोठी मागणी.

"आई, गाडीत बसतेस का? एक टोक धरायला माणूस पाहिजे."

"फुलं कोण तोडणार?"

तो शेडच्या दारात उभा राहिला, हातात टेपची गुंडाळी, पाय ओले. मी टोपली खाली ठेवली.

सकाळभर आम्ही वायरी जोडत होतो. मी टोक धरायची, तो सोलायचा, पिळायचा, टेप लावायचा. मध्येच हात थांबायचे आणि तो काचेतून बाहेर बघत राहायचा. मग मी टोक हलवायची. "धरून हात दुखला माझा, चल." मग हात परत चालायचे. एक वायर चुकीची निघाली, ठिणगी उडाली, मी शिवी दिली. ऊन चढलं. झेंडू शेतातच राहिला. आता पाकळ्या उलटतील, बाजारात कुणी हात लावणार नाही.

शेवटी त्याने किल्ली फिरवली. पुढे बारीकसा टक आवाज आला. इंजिन लागलं नाही. त्याने परत फिरवली. परत टक. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, स्टिअरिंगकडे बघत राहिले.

"स्टार्टरच्या मोटरपर्यंत करंट जातोय," तो म्हणाला. "पुढे कुठेतरी अडतोय. उद्या बघू."

बोललं की बिघडतं, म्हणून मी क्रेटवरून उठले, गुडघे धरून सरळ झाले, आणि त्याला भाकरी वाढायला गेले.